आम्ही दोघी निराधार नव्हतो

आम्ही दोघी बहिणी आत्याकडे राहायला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटी साडेचार वर्षांची. आणीबाणी उठून थोडेच महिने झाले होते. आमचं घर इगतपुरीला. आई काविळीने गेली आणि पुढच्याच वर्षी छातीत कळ येऊन वडीलही गेले. ते धरणाच्या कामावर ठेकेदाराकडे मजुरी करायचे, त्यामुळे मागे पेन्शन वगैरे काही नव्हतं. दहाव्याला जमलेल्या नातेवाइकांमध्ये आमचं काय करायचं यावर बराच वेळ बोलणं चाललं. एक चुलते म्हणाले, थोरलीला मी नेतो. मी घरकामाला उपयोगी पडले असते. धाकटीबद्दल कोणीच काही बोलेना. वडिलांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या, तोवर मागच्या दारी भांडी घासत होती. ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "जुडी सोडायची नाय. दोघी माझ्याकडं येतील."

आत्या नाशकात नदीकाठच्या बाजारात पालेभाजी विकायची, म्हणून तिला जुडी सुचली. त्या घरात हसायची सोय नव्हती, पण मला हसू आलं होतं हे पक्कं आठवतं.

तिला मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. पंचवटीतल्या चाळीत तिची एक खोली होती, पुढे पत्र्याची पडवी. चाळीस वर्षांच्या त्या बाईला पोरं वाढवायचा काहीही अनुभव नव्हता, आणि जे येत होतं त्यावरच तिने काम चालवलं. पहिल्या दिवशी तिने आम्हाला मेथी धुतात तशी अंघोळ घातली. आधी मुळं, म्हणजे पाय, चिखल जाईपर्यंत चोळून, मग पाण्याचा हबका मारून वरची पानं. शाळेत घालायला नेलं तेव्हा रिबिनी आणायच्या असतात हे तिला माहीत नव्हतं. माझ्या दोन्ही वेण्या तिने जुड्या बांधायच्या सुतळीने बांधल्या. गाठ मात्र अशी पक्की की संध्याकाळी कात्री लावावी लागली. साडेचार वर्षांचं मूल किती जेवतं हे विचारायला ती समोरच्या काकूंकडे गेली. काकू शिलाईकाम करायच्या, त्यांना तीन पोरं होती. त्या म्हणाल्या, "नको म्हणेपर्यंत वाढायचं." धाकटी कधी नको म्हणायचीच नाही. दोन दिवसांनी आत्या पुन्हा विचारायला गेली.

मी मात्र दुसरी पोळी नको म्हणायचे. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण दहाव्याच्या दिवशीचं बोलणं मी ऐकलं होतं, आणि आपण कोणाच्या तरी ताटातलं खातोय हे दहा वर्षांच्या मुलीला समजतं. आत्या दोनदा विचारायची, मी दोनदा मान हलवायचे, आणि मग ती पोळी धाकटीकडे जायची.

त्या वर्षी शाळेत कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे झाले. मी घरी सांगितलं नाही. कवायतीच्या तासाला मी मैदानाच्या कडेला पिंपळाखाली उभी राहायचे, बाईंनी विचारलं तर पाय दुखतोय म्हणायचे. दोन आठवडे पाय दुखल्यावर बाईंनी आमच्या शेजारच्या गुरुजींना गाठून विचारलं, पोरीला डॉक्टरला दाखवलं का. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. सकाळी ओट्यावर बसून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं वर्तमानपत्र वाचायचे. त्यांनी आत्याला ते सांगितलं, आणि कवायतीला बूट सक्तीचे झाल्याचंही.  तिने माझे दोन्ही पाय हातात घेऊन बघितले, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत.

गुरुजी आधीपासून तिच्या मागे लागले होते. निराधार मुलांसाठी सरकार खर्च करतं असं त्यांनी पेपरात वाचलं होतं, अर्ज करायला काय हरकत आहे असं ते म्हणायचे. आत्या म्हणायची, "सरकारचं कशाला? चाललंय की." त्या दिवशी ती त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला गुरुजी, कुठं जायचं ते."

कचेरी वरच्या मजल्यावर होती, जिना लाकडी. गुरुजी, आत्या आणि मी गेलो. धाकटीला काकूंकडे ठेवलं होतं. टेबलामागे जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक कारकून बसले होते. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, पाणी विचारलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"मुलींचे आईवडील?"

"दोघंबी नायत," आत्या म्हणाली.

"मग मुली राहतात कुठे?"

"माझ्याकडं."

"तुम्ही कोण?"

"आत्या."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मुलींना आधार आहे. मग त्या निराधार कशा?"

गुरुजी घसा खाकरून काही बोलणार, तेवढ्यात कारकून समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांना बालगृहात घाला. जेवण, कपडे, शाळा, सगळं सरकार बघतं. तुम्हाला काही तोशीस नाही."

आत्या बाकावरून पुढे सरकली. "म्हंजे मी पोरी सोडल्या तर सरकार खर्च करनार. आन् सांभाळल्या तर नाय."

"तसं नाही हो," कारकून म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "तसंच आहे खरं."

मी आत्याचा पदर धरला. बालगृह हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो ज्या सहजपणे त्या टेबलावर आला त्याची मला भीती वाटली. आत्याने न बघताच माझा हात पदरासकट मुठीत घेतला.

कारकून उठले, मागच्या कपाटातून एक फाइल काढली आणि उभ्या उभ्याच वाचत राहिले. "एक दुसरी योजना आहे. मूल संस्थेत न ठेवता एखाद्या कुटुंबात वाढवायला दिलं, तर त्या कुटुंबाला महिन्याला थोडी मदत मिळते. पण ती परक्या कुटुंबासाठी काढलेली दिसते. नातेवाइकांना द्यायची असं इथे लिहिलेलं नाही."

"द्यायची नाही असं लिहिलंय का?" गुरुजींनी विचारलं.

कारकुनांनी पुन्हा पानं उलटली. "नाही. तसंही लिहिलेलं नाही."

"मग अर्ज घ्या."

असा आमचा अर्ज सुरू झाला. मुलींची नावं, वय, शाळा झाल्यावर कारकुनांनी विचारलं, "पालक?"

आत्याचं अर्धं लक्ष बाजारात होतं, कारण टोपली तिने शेजारच्या बाईच्या भरवशावर ठेवली होती. ती म्हणाली, "आज नाय आनला. उन्हाचा लगेच मरगळतो."

कारकुनांचं पेन थांबलं. आधी गुरुजी हसले, मग कारकून, मग बाजूच्या टेबलावरचे दोघे. काय झालं ते आत्याला गुरुजींनी समजावून सांगितलं तेव्हा तीही हसली, पण म्हणाली, "मग नीट विचारायचं ना, पोरी सांभाळतं कोन म्हनून." त्या दिवसापासून त्या कचेरीत तिचं नाव पालकवाल्या बाई असं पडलं, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच चाललं.

कागद पुष्कळ लागणार होते. आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले, आमचे जन्माचे दाखले, आत्याच्या उत्पन्नाचा दाखला, आणि आत्या ही वडिलांची बहीण असल्याचा पुरावा. एका रविवारी भाजी लवकर विकून झाली, तेव्हा आत्याने एका ओळखीच्या तलाठ्याला गाठून उत्पन्नाचं विचारून घेतलं. ते म्हणाले, महिन्याला किती मिळतात ते सांगा. आत्या म्हणाली, "पाऊस आला तर मेथी सडते. ऊन आलं तर माठ सुकतो. बुधवारी बाजार भरतो, त्या दिवशी बरं असतं. आता तुमीच सांगा किती." तलाठ्यांनी बराच विचार करून एक आकडा घातला. तो आमच्यापैकी कोणालाच खोटा म्हणता आला नसता.

खरी पंचाईत बहीण असल्याच्या पुराव्याची झाली. त्यासाठी आत्या आणि मी एसटीने इगतपुरीला गेलो. इतकं धुकं होतं की स्टँडवर उतरल्यावर समोरची बसही दिसत नव्हती. तिथल्या कचेरीत दाखले सहज मिळाले, पण आत्या शाळेत कधी गेलेलीच नव्हती, तिच्या जन्माची नोंद नव्हती आणि लग्नात तिचं नावही बदललेलं होतं. वडिलांच्या आणि तिच्या नावाचा एकत्र असा कागद जगात कुठेच नव्हता.

"पुरावा काय?" तिथल्या माणसाने विचारलं.

आत्याने माझी हनुवटी धरून माझा चेहरा त्याच्याकडे वळवला आणि शेजारी स्वतःचा आणला. आमच्या घराण्याचं नाक मोठं आहे, मध्ये उंचवटा असलेलं. "हिचं बघा, आन् माझं बघा."

त्या माणसाने दोन्ही नाकं नीट बघितली. "पटलं. पण बाई, नाक फायलीला लावता येत नाही."

मग प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं, आणि आत्याचं लग्न डोळ्यांनी बघितलेल्या दोन म्हाताऱ्या गल्लीतून शोधून आणल्या. त्यांनी अंगठे दिले, पण त्याआधी लग्नात काय काय झालं ते पूर्ण सांगितल्याशिवाय त्या ऐकेनात. एक म्हणत होती जेवणात बुंदी होती, दुसरी म्हणत होती शिरा. त्या वादात अर्धा तास गेला. शेवटी लिहिणारा वैतागून म्हणाला, "आजी, मला फक्त एवढं सांगा, ही त्याची बहीण ना?" दोघी एकदम म्हणाल्या, "मग? ल्हानपनी तीच तर त्याला कडेवर घेऊन फिरायची." हे वाक्य प्रतिज्ञापत्रात गेलं नाही. मला मात्र ते नवीन होतं. परतीच्या बसमध्ये मी आत्याला विचारलं, बाबा लहानपणी कसे होते. वडील गेल्यानंतर त्यांच्याबद्दल मी पहिल्यांदाच काहीतरी विचारत होते. ते चिंचेच्या झाडावर चढले आणि उतरता येईना म्हणून झाडावरच जेवले, ही गोष्ट तिने मला घोटीपासून नाशिकपर्यंत पुरवली.

सगळे कागद दिल्यावर कारकून म्हणाले, आता गृहभेट होईल. एक अधिकारी बाई घरी येतील, घर बघतील, मुलींशी बोलतील आणि अहवाल देतील. तारीखही त्यांनी सांगितली.

या भेटीवरून चाळीत दोन तट पडले. गुरुजींचं म्हणणं, घर गरीब दिसलं पाहिजे. "बाई येतील, रेडिओ बघतील, स्टीलची भांडी बघतील आणि म्हणतील इथे मदत कशाला हवी?" काकूंचं म्हणणं अगदी उलट. "आणि घरात काहीच दिसलं नाही, तर म्हणतील असल्या घरात मुली ठेवायच्याच कशाला? उचला आणि घाला बालगृहात." दोघांचंही खरं होतं, त्यामुळे आत्याला काय करावं ते सुचेना. तिने दोघांचंही ऐकलं. भेटीच्या दिवशी सकाळी गुरुजी आले आणि आमचा ट्रान्झिस्टर, दोन स्टीलचे डबे आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या घरी घेऊन गेले. ते जाताच काकू आल्या. त्यांनी खिडकीला फुलाफुलांचा पडदा लावला, कॉटवर नवी चादर घातली, आम्हाला स्वतःच्या मुलींचे इस्त्रीचे फ्रॉक घातले आणि मग म्हणाल्या, "मुलींना अभ्यासाला टेबल पाहिजे."

टेबल काकूंकडून आमच्या दारापर्यंत व्यवस्थित आलं आणि दारात अडकलं. आतून काकू ओढत होत्या, बाहेरून गुरुजी. गुरुजी काकूंना मदत करायला आले नव्हते, ते टेबल परत न्यायला आले होते. घड्याळ ठेवून परत येतात तो हे टेबल. "न्या ते परत," ते म्हणत होते. काकू आतून म्हणत होत्या, "गुरुजी, तुम्ही मध्ये पडू नका." आत्या टेबलाच्या आतल्या बाजूला अडकली होती, तिला बाहेर येता येईना.

गुरुजींच्या मागून कोणीतरी म्हणालं, "थोडं तिरकं करा. आधी त्याचे पाय आत घ्या."

कडक खळ केलेली सुती साडी नेसलेली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली एक तरुण बाई उभी होती. सांगितलेल्या वेळेच्या आधी आली होती. गुरुजींना वाटलं चाळीत कोणाकडे पाहुणी आली असेल. ते म्हणाले, "तुम्ही तो कोपरा धरा." तिने पिशवी खाली ठेवून कोपरा धरला, टेबल तिरकं केलं, आणि ते आत गेलं. मग तिने हात झटकले आणि विचारलं, "भाजीवाल्या आत्या इथेच राहतात ना? मी कचेरीतून आलेय."

गुरुजींनी टेबलावरचा हात काढून घेतला. मग धाकटी पुढे झाली. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला पाहुणे फार आवडायचे. तिने त्या बाईंचा हात धरला आणि घर दाखवायला सुरुवात केली. "हे टेबल काकूंचं आहे. पडदा पण काकूंचा. हा फ्रॉक समोरच्या ताईचा, पण आज संध्याकाळपर्यंत माझा. आमचा रेडिओ गुरुजींकडे गेलाय. घड्याळ पण गेलंय."

"का गेलंय?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही येणार होता ना."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या आणि गुरुजी छताकडे. आत्या चुलीकडे वळली आणि चहाचं आधण ठेवलं. तिच्याजवळ बोलण्यासारखं काही नसलं की ती चहा ठेवायची. अधिकारी बाई कॉटवर बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं त्या रडतायत. त्या हसत होत्या.

मग त्या गंभीर झाल्या आणि त्यांनी मला एकटीला पडवीत बोलावलं. आत्या मारते का, पोटभर जेवायला मिळतं का, शाळेत जातेस का. उत्तरं गुरुजींनी माझ्याकडून पाठ करून घेतली होती, ती मी म्हणून दाखवली. शेवटी त्यांनी विचारलं, "इथेच राहायचंय का तुला?" याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. मी हो म्हणाले, आणि मग मलाच नवल वाटावं इतकं बोलत सुटले. आत्या आम्हाला जुडी म्हणते हे सांगितलं, सुतळीच्या वेण्यांचं सांगितलं, वडील झाडावर जेवले तेही सांगितलं. बुटांचंही सांगून टाकलं. त्या लिहायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत बसल्या.

आत आल्यावर त्यांनी आत्याला समोर बसवलं. "आत्या, मी अहवाल चांगलाच लिहीन. पण ही योजना नातेवाइकांसाठी अजून आमच्याकडे कोणी वापरलेली नाही. मंजूर होईल असं मी सांगू शकत नाही. नाही झाली तर?"

"नाय तर नाय," आत्या म्हणाली. "पैसे द्या, नका देऊ. पोरी हितंच राहतील."

गुरुजींनी डोळ्यांनी तिला खूण केली की असं बोलू नको. बाईंनी विचारलं, "हे असंच लिहू का?"

"लिवा."

त्या गेल्यावर गुरुजी हताश होऊन बसले. त्यांच्या मते आत्याने स्वतःच्या हाताने अर्ज बुडवला होता. मदत नाही दिली तरी चालेल असं अर्जदारच म्हणाल्यावर सरकार कशाला देईल? आत्या त्यांना चहाचा दुसरा कप देत म्हणाली, "खोटं सांगायला मला येत असतं, तर रेडिओ नसता का नीट लपवला?"

पुढे चार महिने काही कळलं नाही. पाचव्या महिन्यात पोस्टमनने मनिऑर्डर आणली, मागच्या काही महिन्यांचे एकत्र पैसे. वरिष्ठांनी मंजुरी कशामुळे दिली ते कोणालाच कळलं नाही. गुरुजी म्हणायचे प्रतिज्ञापत्रामुळे, काकू म्हणायच्या टेबलामुळे. कारकुनांनी मला पुढे कधीतरी सांगितलं की साहेबांनी अहवालातल्या शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. ते वाक्य आत्याचं होतं. पण त्या रेघेचा अर्थ त्यांनाही माहीत नव्हता.

रक्कम काही फार मोठी नव्हती. पहिल्याच संध्याकाळी आत्या आम्हाला घेऊन मेन रोडला गेली आणि माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट घेतले. धाकटीने लाल सँडल पसंत केले आणि ते पायात घालूनच घरी आली, येताना दर दुकानाच्या काचेत पाय बघत. दुसऱ्या दिवशी मी कवायतीला रांगेत उभी राहिले. माझे हात सगळ्यांच्या उलट बाजूला जात होते, कारण इतके दिवस मी फक्त पिंपळाखालून बघितलं होतं.

पण बुटांहून मोठी गोष्ट वेगळीच होती. आत्या तोवर दुपारी घरी येऊन पुन्हा संध्याकाळच्या बाजाराला जायची आणि दिवे लागून गेल्यावर परतायची. त्या महिन्यापासून तिने संध्याकाळचा बाजार सोडला. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा ती घरात असायची. नुसती असायची, पडवीत बसून उद्याची भाजी निवडत, आणि आम्ही दप्तरं टाकून तिच्या दोन बाजूंना बसायचो. सरकारी मदतीचा उपयोग काय झाला असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

आणखी एक झालं. एका रात्री जेवताना आत्याने नेहमीसारखं पोळी हवी का म्हणून विचारलं आणि मी ताट पुढे केलं. मग तिसरी घेतली. आता माझ्या नावाचे पैसे येतात, हे डोक्यात होतं. लहान मुलांचे हिशेब फार सरळ असतात. आत्या माझ्याकडे बघत राहिली. "सरकार आलं आन् तुला भूक लागली व्हय?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. तिने चौथी पोळी वाढली आणि जरा वेळाने म्हणाली, "आधीबी तुझंच व्हतं." मग ती उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

दरवर्षी जूनमध्ये शाळेचा दाखला घेऊन आम्ही कचेरीत जायचो. कारकून आम्हा दोघींना उभं करून बघायचे आणि म्हणायचे, "पालकवाल्या बाई, माल चांगला वाढलाय." त्या अधिकारी बाईंची बदली झाली, दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. गृहभेटीला आलेल्या प्रत्येकीला धाकटी घर दाखवायची. तोवर आम्ही काही लपवायचं आणि काही उसनं आणायचं सोडून दिलं होतं.

हळूहळू बाजारात बातमी पसरली. भाजी घ्यायला आलेली एखादी बाई जुडी हातात घेऊन घुटमळायची आणि मग विचारायची, माझ्या बहिणीची पोरं माझ्याकडे आहेत, त्यांना मिळेल का हो? पेठ तालुक्यातल्या डोंगरातून एक मामा आले होते, भाच्याला घेऊन. त्यांची बोली आत्याला निम्मीच कळली, पण कोणते कागद लागतात ते तिने त्यांना बोटांवर मोजून पाठ करून घेतलं आणि कारकुनांकडे घेऊन गेली. असे मामा, मावश्या, आज्या, चुलते कितीतरी आले. काहींना मदत मिळाली, काहींना नाही. नाही मिळाली त्यांनीही पोरं सोडली नाहीत, हे आत्या आवर्जून सांगायची.

मी बारावी झाले आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटरच्या जागेसाठी निवडले गेले. प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी मला अठरा पूर्ण झाली. वाढदिवस आमच्याकडे कधी केला नव्हता, त्या दिवशी मात्र आत्याने सकाळीच टोपली दुसऱ्या बाईकडे दिली, नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल, कचेरीत जायचंय."

कारकून आता निवृत्तीला आले होते, चष्म्याची भिंगं आणखी जाड झाली होती. आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली. "हिची मदत बंद करा. थोरली आजपासून अठराची. धाकटीची चालू ठेवा, तिला अजून वेळ हाय."

"आमच्याकडून पत्र येतं ना बाई," कारकून म्हणाले. "दोनतीन महिन्यांनी येईल, तोवर चालू राहिली तरी चालते."

"कशाला? मोठी झाली ती."

कारकुनांनी खण उघडला, फॉर्म चाळले आणि बंद केला. "बंद करा म्हणून सांगायचा फॉर्मच नाही. आजवर कोणी आलंच नाही त्यासाठी." मग त्यांनी मला कोरा कागद दिला आणि लिहायला सांगितलं. मी लिहिलं, खाली आत्याने अंगठा दिला. त्यांनी कागद वाचला, शिक्का मारला आणि मला विचारलं, कुठे नोकरी लागली. मी सांगितलं. त्यांनी बाजूच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारून सांगितलं, आणि ते दोघेही उठून बघायला आले. आत्याने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. तो तिने कधी घेतला ते मलाही माहीत नव्हतं.

जिना उतरताना ती एक पायरी पुढे होती. खाली रस्त्यावर आल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे वर बघितलं. मी तिच्याहून वीतभर उंच झाले होते. "शाळा सुटायला एक तास हाय," ती म्हणाली. "मिसळ खायची का? मग धाकटीला घेऊनच घरी जाऊ."

आम्ही मिसळ खाल्ली. तिला तिखट फार लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने आणखी रस्सा मागवला.